बघू, बघते आणि बघत राहते

आज आपल्याला तीन इंग्रजी शब्दांची ओळख करून घ्यायची आहे: ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’. घरातल्या शाळकरी पोराला विचारलंत तर तो तिन्हींचा अर्थ एकच सांगेल, ‘बघणे’. त्याचं चुकलं असं नाही, पण ते अपुरं आहे. यातला एक शब्द दर पावसाळ्यात हवामानाच्या इशाऱ्यातून आपल्या दारापर्यंत येतो. तो नीट कळला नाही तर परीक्षेतला मार्क जाईलच, पण डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना त्याची किंमत मार्कापेक्षा मोठी पडू शकते. म्हणून आज जरा सावकाश समजून घेऊ.

आधी आपली मराठी बघू. आपण एका ‘बघणे’वर किती कामं काढतो ते मोजा. ‘भाजी बघ गं, करपेल.’ ‘आमटीची चव बघ.’ ‘वैद्यानं नाडी बघितली.’ ‘उद्या मुलगी बघायला येणार आहेत.’ ‘म्हातारीला बघणारं कुणी नाही.’ ‘एसटीची वाट बघतेय.’ ‘थांब, बघून घेईन तुला.’ आणि सगळ्यात जास्त वापरातलं, ‘बघू.’ मुंबईच्या लेकानं फोनवर ‘येणार का गणपतीला?’ याचं उत्तर ‘बघू’ असं दिलं, की आईला कळतं की काही नक्की नाही. नवऱ्यानं ‘कौलं बदलायची का?’ यावर ‘बघू’ म्हटलं, की समजावं, या वर्षी तरी नाही. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे पुढे ढकलणं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच शब्दाशी गाठ पडणार आहे.

आता इंग्रजीकडे वळू. आपण एका शब्दात जे बसवतो, ते इंग्रजीत तीन वेगळ्या खोल्यांत ठेवलेलं आहे.

पहिली खोली ‘सी’. याला मराठीत अगदी जवळचा शब्द आहे ‘दिसणे’. डोळे उघडे आहेत, समोर डोंगर आहे, डोंगर दिसतो. त्यात आपण वेगळं काही केलं नाही. विहिरीवर जाताना वाटेत शेजारीण दिसली, हे ‘सी’. याच शब्दाचे आणखी दोन अर्थ रोज कानावर पडतात. कुणी काही समजावलं की इंग्रजीत ‘आय सी’ म्हणतात, म्हणजे ‘अस्सं, आलं लक्षात’. आणि डॉक्टरला ‘सी’ करणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन त्यांना भेटणं. आपण उलट म्हणतो, ‘डॉक्टरला दाखवून आले.’

दुसरी खोली ‘लुक’. इथे आपण मुद्दाम नजर वळवतो. बाईंनी वर्गात सांगितलं, ‘फळ्याकडे बघा’, तर तो ‘लुक’. एक सोपी खूण सांगते. मराठीत नजर वळवायची असली की आपण ‘कडे’ जोडतो: झाडाकडे बघ, माझ्याकडे बघ. इंग्रजीत ‘लुक’च्या मागे तसाच ‘ॲट’ लागतो. ‘सी’ आणि ‘वॉच’ला तो लागत नाही. मुलं पेपरात नेमकी इथेच अडखळतात, तेव्हा अभ्यास घेताना त्यांना आपला ‘कडे’ आठवून द्या. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजणी शाळेत जे शिकल्या नाहीत, ते आपली मुलं आणि नातवंडं अगदी लहानपणी शिकतात. असा एखादा दुवा आपण दिला तर त्यांना मदत होते.

‘लुक’ बाकीच्या छोट्या शब्दांना धरून अर्थ बदलतो. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणं, हरवलेली करडू शोधतो तसं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘म्हातारीला बघणं’ यातलं बघणं. ‘लुक आऊट’ म्हणजे ‘अगं, सांभाळ!’, पायाखाली साप दिसल्यावर ओरडतो तसं.

तिसरी खोली ‘वॉच’. इथे नजर वळवली, एवढ्यानं भागत नाही. ती तिथे ठेवायची असते, आणि ठेवायची असते ती कशासाठी? जे बघतोय त्यात काहीतरी हलणार आहे, बदलणार आहे, म्हणून. क्रिकेटची मॅच ‘वॉच’ करतात, टीव्हीवरची मालिका ‘वॉच’ करतात, कारण पुढे काय होतं ते बघायचं असतं. भिंतीवरच्या फोटोला कुणी ‘वॉच’ करत नाही. तो हलणार नाही, त्याच्याकडे ‘लुक’ पुरतो.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. चुलीवर दूध ठेवलंय. ओट्याजवळून जाताना भांडं डोळ्यांना पडलं, हे ‘सी’. आत किती दूध आहे म्हणून वाकून बघितलं, हे ‘लुक’. आणि दूध वर येईपर्यंत तिथेच उभं राहिलं, हात चिमट्याशी तयार ठेवला, हे ‘वॉच’. दूध उतू जातं तेव्हा आपल्याला ते दिसत नसतं असं नाही. भांडं समोरच असतं. आपण ‘वॉच’ सोडून दुसऱ्या कामाला लागलेलो असतो.

‘वॉच’चं नातं कशाशी आहे तेही सांगण्यासारखं आहे. इंग्रजीत जागं होण्याला ‘वेक’ म्हणतात. ‘वॉच’ आणि ‘वेक’ हे एकाच मुळातून आलेले शब्द. म्हणजे ‘वॉच’च्या पोटात डोळ्यांच्या आधी जागरण आहे. रात्रीची राखण करणारा तो ‘वॉचमन’. आपल्या भागातले किती बापे मुंबईत वॉचमनचं काम करून घर चालवतात. तो ‘लुकमन’ का नाही? कारण त्याचा पगार नुसतं बघण्याचा नाही, जागं राहण्याचा आहे. जहाजावरही खलाशांच्या आळीपाळीच्या पहाऱ्याला ‘वॉच’ म्हणतात. आणि मनगटावरचं घड्याळ? तेही ‘वॉच’च.

गंमत म्हणजे आपल्या मराठीतही हेच घडलेलं आहे. ‘पहारा’ हा शब्द ऐकून वाटतं, तो ‘पाहणे’वरून आला असेल. तो आला ‘प्रहर’वरून. दिवसरात्रीचे आठ प्रहर, एकेक तीन तासांचा. एका प्रहराची ज्याची जबाबदारी, तो पहारेकरी. इंग्रजीत पहाऱ्याचं नाव घड्याळाला मिळालं, मराठीत वेळेचं नाव पहाऱ्याला मिळालं. दोन्हीकडच्या जुन्या माणसांना एकच गोष्ट कळली होती: लक्ष ठेवणं हे वेळेला बांधलेलं काम आहे. कुणी, कधीपासून कधीपर्यंत, हे ठरलं नाही तर तो पहारा नव्हे.

हे शेतकरी बाईला वेगळं सांगायला नको. भात पिकलं, नाचणी वाकली, की रानडुकरं येतात. मग आपण ‘शेत बघायला’ जात नाही, ‘राखणीला’ जातो. ‘राखण’ हा ‘वॉच’ला आपला सगळ्यात सख्खा शब्द. माळ्यावर बसून डबा वाजवणारा माणूस झोपला, तर शेत त्याच्या समोर असूनही राखण झाली नाही.

आपल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेताना ते धारातीर्थी पडले, हे आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्यातली एक गोष्ट आजच्या विषयाशी जुळते. कोंढाण्यावर पहारा होताच. पण ज्या बाजूला तुटलेला कडा, तिथून कोण चढणार, अशा समजुतीनं ती बाजू ढिली होती आणि मावळे तिथूनच वर गेले, असं सांगतात. कडा गडावरच्या सगळ्यांना रोज दिसत होता. त्याच्यावर पहारा मात्र नव्हता. आपण ही गोष्ट नेहमी चढणाऱ्यांच्या बाजूनं ऐकतो. एकदा पहारेकऱ्याच्या बाजूनंही ऐकावी. जे रोज दिसतं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं राहून जातं.

आता आणखी दोन-तीन शब्द पटकन घेऊ, कारण ते दवाखान्यात आणि कचेरीत भेटतात.

‘ऑब्झर्व्ह’ म्हणजे बारकाईनं बघणं आणि बघितलेलं ध्यानात किंवा कागदावर ठेवणं. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेलं, त्याला काही त्रास दिसत नाही, तरी डॉक्टर सांगतात, ‘चोवीस तास अंडर ऑब्झर्वेशन ठेवू.’ नातेवाइकांना वाटतं, नुसतेच बघतायत, औषध तर देत नाहीत, मग घरी नेलेलं काय वाईट? इथे घात होतो. ऑब्झर्वेशन म्हणजे ठरावीक वेळानं नाडी, रक्तदाब, श्वास, पापण्या जड होतायत का, चावलेली जागा सुजतेय का, हे तपासून लिहीत राहणं. विष उशिरा चढू शकतं. चढू लागलं की लगेच उपचार सुरू करता यावेत म्हणून माणूस तिथे ठेवलेला असतो. तेव्हा ‘काहीच करत नाहीत’ म्हणून माणसाला उचलून आणू नका.

‘मॉनिटर’ म्हणजे एखादं माप पुन्हा पुन्हा घेऊन त्यावर लक्ष ठेवणं. अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचं वजन करून तक्त्यावर मांडतात, ते हेच. एका महिन्याचं वजन फार काही सांगत नाही. रेघ वर चालली आहे की खाली, ते सांगतं.

आणि एक फसवी जोडी. ‘ओव्हरसी’ म्हणजे देखरेख करणं. ‘ओव्हरलुक’ म्हणजे बहुतेक वेळा नजरेतून सुटणं किंवा काणाडोळा करणं. ऐकायला दोन्ही सारखे, अर्थ मात्र उलटे. कागदावर सही करण्याआधी कुठला आहे ते विचारून घ्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. भारतीय हवामान विभाग पावसाचा अंदाज चार रंगांत देतो. हिरव्याला काही करायचं नसतं. पुढच्या तीन रंगांना इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. पिवळ्याला ‘वॉच’, नारिंगीला ‘अलर्ट’ आणि लालला ‘वॉर्निंग’. पिवळा सांगतो, लक्ष ठेवा, माहिती घेत राहा. नारिंगी सांगतो, तयारीत राहा. लाल सांगतो, आता कृती करा.

बातम्यांत मात्र आपण काय ऐकतो? यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. तिन्हींना ‘अलर्ट’ म्हटलं, की तीन पायऱ्यांची एकच पायरी होते. मराठीतही तिन्हींना आपण ‘इशारा’च म्हणतो. जुलै महिन्यात आपल्याकडे पिवळा रंग इतक्या वेळा येतो, की तो ऐकून आपण म्हणतो, ‘बघू.’ म्हणजे ‘वॉच’चं मराठी आपण ‘बघू’ असं केलं, आणि अर्थ नेमका उलटा झाला. सांगणारा म्हणतो, जागं राहा. ऐकणारी म्हणते, नंतर बघू.

आपल्या भागात हा फरक किती मोठा आहे, ते वेगळं सांगायला नको. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी पडल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, लोक घरात झोपलेले होते. त्या माणसांचं काही चुकलं, असं कुणीही म्हणू नये. असा पाऊस कोसळत असताना, वीज आणि फोन बंद असताना कुणाला किती कळणार? पण जे मागे राहिले, त्यांनी पुढची रात्र कशी काढायची हे ठरवून ठेवायला हवं.

आणखी एक कारण आहे. आपल्यावर येणारं सगळं पाणी आपल्याला दिसत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान विभाग चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला मुसळधार म्हणतो, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. म्हणजे तो पाऊस सगळ्यात वरच्या पायरीच्याही जवळजवळ तिप्पट होता. आपल्या अंगणात उभं राहून घाटमाथ्यावरचा पाऊस ‘सी’ करता येत नाही. त्यासाठी बातमी, फोन आणि रेडिओ यांच्यावर ‘वॉच’ ठेवावा लागतो. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी साडेसहा मीटर आहे. मध्ये फक्त अर्धा मीटर, म्हणजे जेमतेम हातभर. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग पिवळ्या रंगाच्या दिवशी बचत गटानं नेमकं काय करायचं? चार प्रश्नांची उत्तरं लिहायची: काय बघायचं, कुणी, कधी, आणि कुणाला सांगायचं.

काय बघायचं? दिवसाउजेडी, पाऊस उघडलेला असताना, घराच्या वरच्या अंगाला जमिनीत किंवा बांधात नवी भेग पडली आहे का. जुनी भेग रुंदावली आहे का. झाड, विजेचा खांब किंवा कुंपण कलायला लागलं आहे का. भिंतीला तडा गेला का, दार-खिडकी अचानक अडकायला लागली का. पऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं का. भर पावसात पऱ्या अचानक आटला का, कारण वर कुठेतरी माती अडून पाणी तुंबलेलं असू शकतं. जिथे कधी झरा नव्हता तिथून पाणी फुटलं का. रात्री डोंगरातून घरघर किंवा दगड गडगडल्याचा आवाज येतो का.

पाऊस मोजायला सरळ बाजूंचा एखादा डबा उघड्यावर, पागोळ्यांपासून लांब ठेवा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीनं पाणी मोजून रिकामा करा. ढोबळ खूण सांगते. चार बोटांइतकं पाणी साठलं तर मुसळधार पाऊस झाला. वीतभर होत आलं तर अत्यंत मुसळधार. हवामान विभागाचा रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही, पुढे काय परिणाम होईल तेही बघून ठरतो. पण आपल्या वाडीवर किती पडला, ते आपला डबा सांगेल.

कुणी आणि कधी? रात्रीचे प्रहर चार: सहा ते नऊ, नऊ ते बारा, बारा ते तीन, तीन ते सहा. चार घरांनी एकेक प्रहर घ्यायचा. एकीनं रात्रभर जागायचं नाही, नाहीतर तिसऱ्या प्रहरी तिचा डोळा लागणारच. पहारा सुरक्षित जागेवरूनच करायचा. अंधारात, पावसात भेग बघायला चढावर कुणीही जायचं नाही. रात्रीचं काम कानाचं आणि फोनचं आहे. वहीत वेळ लिहायची आणि पुढच्या घराला उठवूनच झोपायला जायचं. ‘मी बघितलं, काही नाही’ एवढं पुरत नाही. ‘दोन वाजता पाऊस वाढला, पऱ्याचा आवाज वाढला’ हे लिहिलेलं हवं.

कुणाला सांगायचं? आधी शेजारच्या घरांना, मग पोलीस पाटील आणि सरपंच यांना. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, आणि कुठल्याही संकटासाठी ११२. फोन बंद पडला तर काय करायचं, तेही आधी ठरवा: थाळी, शिट्टी, देवळातली घंटा, जे वाडीभर ऐकू जाईल ते.

नारिंगी रंग आला की बांधाबांध. आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचं आणि गटाचं पुस्तक, औषधं, बॅटरी, कोरडे कपडे एका पिशवीत. म्हाताऱ्या माणसांना, बाळंतिणीला, पोटुशीला कोण हात देणार, ती नावं ठरलेली असू द्या. गुरांची दावी सोडायचं काम कुणाचं, तेही. लाल रंग आला की ठरलेलं करायचं, प्रशासन सांगेल तिथे हलायचं. आणि वर सांगितलेल्या खुणांपैकी काही दिसलं, तर कुठल्याच रंगाची वाट बघू नका. तेव्हा तुमचाच इशारा पहिला. चढाच्या आणि पऱ्याच्या वाटेतून बाजूला निघा, आणि निघालात की एखादी राहिलेली वस्तू आणायला मागे फिरू नका.

या सगळ्याला पैसे लागत नाहीत. वही गटाकडे आहेच, पट्टी मुलाच्या दप्तरात आहे, डबा घरात आहे. हप्ता चुकला तर आपण तिसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन विचारतो, इतका चोख हिशेब आपण पैशांचा ठेवतो. तसाच तो पावसाचा ठेवायचा आहे.

गटाच्या येत्या सभेत एक ठराव घ्या. पिवळ्या रंगाला यापुढे ‘यलो अलर्ट’ म्हणायचं नाही आणि ‘बघू’ही म्हणायचं नाही. त्याला ‘राखण’ म्हणा. ‘आज पिवळा आहे, आज राखण आहे’ एवढं एका घरातून दुसऱ्या घरात गेलं, की प्रत्येकीला आपापला प्रहर कळेल. भाताची राखण आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. आता चार महिने घराची करायची.